फोल्डर की टॅग? दोन्ही वापरून पाहिल्यावर

वैद्यकीय संज्ञांची एक शब्दसूची माझ्याकडे आहे. एका प्रकाशकाने एका पुस्तकाच्या कामासाठी ती पाठवली होती. पुढे त्याच विषयाचं दुसरं पुस्तक आलं, तेव्हा तीच सूची उघडून मी तिच्यात भर घातली. मग रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांचं काम आलं, त्यातही तिचाच आधार घेतला. आता ही फाइल ठेवायची कुठे? पहिल्या पुस्तकाच्या फोल्डरमध्ये, कारण ती तिथून आली? माहितीपत्रकांच्या फोल्डरमध्ये, कारण सध्या ती तिथे लागते? की 'शब्दसूच्या' असं वेगळं फोल्डर काढून त्यात? तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि फोल्डरला एकच उत्तर चालतं. टॅग, म्हणजे फाइलला चिकटवायचे लेबलासारखे शब्द, एका फाइलला कितीही लावता येतात.

मी भाषांतराचं आणि संपादनाचं काम करते. डिस्कवर हस्तलिखितं, करार, बिलं, संदर्भाच्या पीडीएफ, स्कॅन केलेली कागदपत्रं, मुलाखतींची ध्वनिमुद्रणं आणि घरचे फोटो असं सगळं आहे. वर्षानुवर्षं रचना एकच होती. आधी वर्ष, त्यात काम देणारी संस्था, त्यात ते काम आणि कामाच्या आत 'मूळ', 'मसुदे', 'अंतिम', 'हिशेब'. अमुक कामाचं अमुक कुठे आहे, एवढाच प्रश्न असेपर्यंत ही रचना चोख चालायची. प्रश्न आडवा आला की मात्र सगळं अडायचं. कायद्याच्या विषयातले माझे सगळे मसुदे, पैसे यायचे बाकी असलेली सगळी बिलं, भाषांतराचे हक्क माझ्याकडे राहिलेले सगळे करार. उत्तरं डिस्कवरच होती, पण ती काढायला प्रत्येक वर्षात, प्रत्येक संस्थेत, प्रत्येक कामात डोकवावं लागायचं.

यावर लोक जे करतात ते मीही करायचे. फाइलची प्रत काढून दुसरीकडे ठेवायची. बिलाच्या बाबतीत ते खपतं, कारण बिल एकदा पाठवलं की बदलत नाही. शब्दसूचीच्या बाबतीत अजिबात खपत नाही. दोन ठिकाणी दोन प्रती झाल्या की दोन्हींत वेगवेगळी भर पडत जाते, आणि काही महिन्यांनी दोन्ही समोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहावी लागते. दुसरा उपाय शॉर्टकटचा. तो मूळ फाइल जागेवर असेपर्यंत बरा. एखाद्या फोल्डरचं नाव बदललं की विंडोजमधला शॉर्टकट तिला कधी शोधून काढतो, कधी हात टेकतो. लिनक्समधली सिम्बॉलिक लिंक तर लिहिलेला पत्ता तेवढा जाणते. पत्ता बदलला की ती तुटलीच.

शिवाय खोली वाढत गेली. विंडोजमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता, म्हणजे ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा, साधारण २६० अक्षरांत बसवावा लागे. २०१६ च्या विंडोज १० पासून ही मर्यादा सेटिंग बदलून उठवता येते, पण जुने प्रोग्राम अजूनही तिथेच अडतात. देवनागरी नावं वापरणाऱ्याला आणखी एक गोष्ट माहीत असलेली बरी. लिनक्सच्या बहुतेक फाइल-सिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतींमध्ये, एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, आणि अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना, वेलांटी, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. 'वार्षिक' हा डोळ्याला तीन अक्षरांचा दिसणारा शब्द आत सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटचा असतो. लांबलचक वर्णनात्मक नावं देण्याची सवय मी यामुळेच आवरली.

तेव्हा ठरवलं की टॅग नीट वापरून पाहायचे. एखाददुसरा रंग लावून सोडून द्यायचं नाही. सगळं चालू काम टॅगांवर न्यायचं आणि ते खरोखर काय देतात ते बघायचं.

सुरू करण्याआधी थोडं वाचलं, आणि ते वाचन पुढे कामी आलं. फोल्डरात फोल्डर ही कल्पना १९६५ ची. मल्टिक्स या जुन्या संगणक-प्रणालीसाठी डेली आणि न्यूमन यांनी लिहिलेल्या निबंधात ती झाडासारखी रचना मांडलेली आहे. मला त्यातली लक्षात राहिलेली गोष्ट अशी की त्याच निबंधात 'लिंक'सुद्धा आहे. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवरच्या फाइलकडे बोट दाखवायची सोय तेव्हाच करून ठेवली होती. म्हणजे एकच फाइल दोन ठिकाणी हवीशी वाटते, ही अडचण झाड लावतानाच कळलेली होती.

ग्रंथालयवाल्यांना ती त्याहून आधी कळली. ड्यूईचं दशांश वर्गीकरण १८७६ चं. त्यात पुस्तकाला उतरंडीतली एक जागा मिळते. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडलं तेव्हा उलट बाजूने विचार केला. विषयाची आधी अंगं पाडायची, मग ती अंगं जोडून क्रमांक तयार करायचा. त्यांची पाच मूलभूत अंगं म्हणजे व्यक्तित्व, पदार्थ, क्रिया, स्थळ आणि काळ. पुस्तक शेवटी एका कपाटात एकाच जागी उभं राहणार, हे त्यांनाही टाळता आलं नाही. संगणकावर मात्र टाळता येतं, आणि टॅगांचं आकर्षण नेमकं तेच आहे.

रंगनाथनांचा धडा गिरवून मी टॅग सुटे सुटे सुचतील तसे लावले नाहीत. आधी अंगं ठरवली : कागद कोणत्या प्रकारचा (करार, बिल, मसुदा, शब्दसूची, संदर्भ), विषय कोणता (वैद्यकीय, कायदा, शेती, बालसाहित्य), आणि काम कोणत्या अवस्थेत (चालू, तपासणीत, पैसे बाकी, संपलं). प्रत्येक फाइलला प्रत्येक अंगातला निदान एक टॅग. हे कागदावर लिहून समोर चिकटवलं. चालू वर्षापासून सुरुवात केली आणि वेळ मिळेल तसं मागच्या वर्षांत गेले.

माझा मुख्य संगणक मॅक आहे. मॅकमध्ये २०१३ साली आलेल्या मॅव्हरिक्स आवृत्तीपासून फाइलला हवे तितके टॅग देता येतात. त्याआधी नुसती रंगीत लेबलं होती. फाइली निवडायच्या, राइट क्लिक करून टॅग टाइप करायचे, झालं. शोध जतन करून ठेवायची सोयही आहे, तिला स्मार्ट फोल्डर म्हणतात. 'बिल' आणि 'पैसे बाकी' हे दोन टॅग मिळून एक शोध मी जतन केला, आणि पहिल्यांदा सगळी थकलेली बिलं, निरनिराळ्या संस्थांची, निरनिराळ्या वर्षांची, एका खिडकीत एकाखाली एक आली. ही सोय किती मोठी आहे हे आडव्या प्रश्नांनी छळलेल्या माणसालाच कळेल. शब्दसूचीचा प्रश्नही सुटला. फाइल कुठे का असेना, 'वैद्यकीय' आणि 'शब्दसूची' म्हटलं की ती हजर.

मग अडचणी दिसायला लागल्या. पहिली लेखनाची. मी 'वैद्यकीय' लिहिते, पण भरभर टाइप करताना कुठे तरी 'वैद्यकिय' झालं. माणसाला दोन्ही सारखंच वाचता येतं. संगणकासाठी ते दोन वेगळे टॅग. 'बिल', 'बिलं', 'बिले' असे तीन टॅग यादीत दिसले तेव्हा एकवचनच वापरायचं असा नियम केला. याहून अवघड प्रकार म्हणजे डोळ्यालाही फरक न दिसणारा. 'ॲप' हा शब्द घ्या. त्यातलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. एक म्हणजे 'ॲ' हे स्वतंत्र चिन्ह, जे युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरचिन्हांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं. दुसरं म्हणजे 'अ' आणि त्यावर अर्धचंद्र, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. पण एका कीबोर्डवरून लावलेला टॅग दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला तर सापडेलच असं नाही, कारण आतली चिन्हं निराळी आहेत. 'दुसऱ्या', 'तिसऱ्या' यांतल्या अर्ध्या र चीही हीच गत. फोनवरून टॅग लावायचे आणि संगणकावर शोधायचे असतील तर असे शब्द टॅगात घेऊच नयेत. मी 'ॲप'ऐवजी 'मोबाइल' केलं.

यादी आटोक्यात ठेवणं हे वेगळं काम होऊन बसतं, हे कुणी आधी सांगत नाही. नवा फोल्डर करताना हात थोडा थबकतो, कारण तो समोर दिसत राहतो. नवा टॅग मात्र टाइप केला की जन्मतो. 'संदर्भ' असताना 'संदर्भसाहित्य' कधी तयार झाला, पत्ता लागत नाही. दर काही आठवड्यांनी यादी उघडून जुळे टॅग एकत्र करायला बसावं लागे.

आणि लावण्याचा वेळ. फाइल फोल्डरमध्ये टाकायला एकदा ओढून सोडली की पुरतं, आणि त्यासाठी विचारही एकच : हे कोणत्या कामाचं? टॅग लावताना मात्र ही फाइल मला पुढे कोणकोणत्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लागेल, याचा अंदाज दर वेळी नव्याने करावा लागतो. दिवसातून दोन फाइली येतात तेव्हा ते जमतं. छपाईच्या घाईत एका संध्याकाळी पंचवीस दुरुस्त पानं येतात, तेव्हा कुणीही टॅग लावत बसत नाही.

यानंतर टॅग राहतात कुठे, हा प्रश्न आला. हे एकदा प्रत्यक्ष बघाच. एक करार, त्याला तीन टॅग, असा मी मॅकवरून पेनड्राइव्हवर टाकला आणि तो पेनड्राइव्ह विंडोजच्या लॅपटॉपला लावला. करार दिसला, टॅग नाहीत. त्याच्या शेजारी, लपलेल्या फाइली दाखवायची सोय चालू केल्यावर, त्याच नावाची पण पुढे टिंब आणि अधोरेघ असलेली एक चिमुकली फाइल दिसली. टॅग तिच्यात होते. मॅक टॅग फाइलच्या मजकुरात लिहीत नाही. फाइल-सिस्टिम फाइलला चिकटवून ठेवते त्या विस्तारित गुणधर्मात तो ते ठेवतो. पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीचा असला तर त्यात असे गुणधर्म ठेवायची जागाच नसते, म्हणून मॅक ते वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवतो. दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला ती फाइल कचरा वाटते आणि तो ती पुसतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. पण करार परत माझ्याकडे येतो तेव्हा कोरा असतो. ईमेलने पाठवलेल्या फाइलीबरोबर तर टॅग जातच नाहीत.

लिनक्सवरही पद्धत हीच. केडीई या डेस्कटॉपमधला डॉल्फिन हा फाइली हाताळायचा प्रोग्राम टॅग लावतो तो विस्तारित गुणधर्मातच, आणि तिथली साधी 'सीपी' आज्ञा प्रत काढताना ते गुणधर्म घेत नाही. 'सीपी'ला सगळं जपायचा पर्याय द्यावा लागतो. बॅकअपसाठी बरेच जण 'आरसिंक' वापरतात. त्याचा नेहमीचा 'ए' पर्याय पुरत नाही, मोठा 'एक्स' वेगळा द्यावा लागतो. तुमचा बॅकअप टॅग जपतो की नाही हे बॅकअप परत उतरवून बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून टॅगांवर भरवसा टाकण्याआधी एक फोल्डर परत उतरवून जरूर बघा. विंडोजचा मार्ग निराळा. तिथे प्रॉपर्टीजमध्ये लिहिलेला टॅग फाइलच्या आतच जातो, त्यामुळे तो फाइलबरोबर प्रवास करतो. पण तो जेपेग फोटोला आणि वर्डच्या डॉक्युमेंटला देता येतो. साध्या टेक्स्ट फाइलला देता येत नाही, पीडीएफला जादा काही बसवल्याशिवाय देता येत नाही. माझ्या निम्म्या कामाच्या फाइली या दोन प्रकारच्या.

एवढं सगळं असूनही मी टॅग सोडले नसते. लेखनाला नियम करता येतात, बॅकअपला पर्याय देता येतो. माझं मत फिरलं ते करारांच्या यादीमुळे. हक्क माझ्याकडे राहिलेल्या सगळ्या करारांची यादी एका कामासाठी हवी होती. टॅगांचा शोध जतन होताच. उघडला, नीटस यादी आली. ती पुढे पाठवण्याआधी जुन्या सवयीने फोल्डरही चाळले, तर यादीत नसलेले करार निघाले. काही नंतर ईमेलने आलेले, काही विंडोजच्या लॅपटॉपवरून फिरून आलेले. टॅग कुणालाच नव्हते. त्रास एवढाच नव्हता की ते यादीत नव्हते. यादी अपुरी आहे असं यादीकडे पाहून कळत नव्हतं. फोल्डरमध्ये चुकीच्या जागी ठेवलेली फाइल कुठेतरी खटकते. बिलांमध्ये करार दिसला की डोळा अडतो, आणि रिकामं 'करार' फोल्डर ओरडून सांगतं की इथे काहीतरी असायला हवं होतं. टॅग नसलेली फाइल कुठेच खटकत नाही. ती आलेल्या उत्तरात नसते, आणि आलेलं उत्तर मात्र पूर्ण दिसतं.

टॅग नसलेल्या फाइली दाखव, असा उलटा शोध लावता येतो, आणि मी तो लावून पाहिला. पण त्यात सगळं काही निघतं : डाउनलोड्समधला गाळ, प्रोग्रामांनी आपण होऊन केलेल्या फाइली, जुनी वर्षं. शिवाय एक टॅग असलेली पण दुसरा राहून गेलेली फाइल त्यातही सापडत नाही. टॅग लागला नाही तर काय होतं, या प्रश्नाचं उत्तर मला कुठल्याच टॅगवाल्या प्रणालीत समाधानकारक मिळालं नाही. फोल्डरच्या बाबतीत हा प्रश्नच उभा राहत नाही. फाइल कुठल्या ना कुठल्या फोल्डरमध्ये असल्याशिवाय अस्तित्वातच येत नाही. आळशी दिवशीही, घाईच्या दिवशीही. फोल्डरची ही सक्ती मला पूर्वी जाचक वाटायची. आता तीच त्याची सर्वांत मोठी बाजू वाटते.

नंतर या विषयावरचं संशोधन वाचनात आलं. ऑफर बर्गमन आणि सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास फोल्डर आणि टॅग यांच्या निवडीवरच आहे. दोन्ही उपलब्ध असताना लोकांनी ठेवतानाही आणि शोधतानाही फोल्डरलाच झुकतं माप दिलं. ज्या थोड्या वेळा टॅग वापरले गेले, त्यांत बहुतेकदा एका वस्तूला एकच टॅग होता. म्हणजे टॅगाचा वापर फोल्डरसारखाच झाला. २०१५ मध्ये याच गटातल्या संशोधकांचा मेंदूच्या स्कॅनवर आधारलेला एक निबंध आला. त्यानुसार फोल्डरमधून वाट काढत फाइलपर्यंत जाताना मेंदूचे जे भाग चालतात, ते खऱ्या जागेत वाट शोधताना चालणारेच. शब्द टाइप करून शोधताना मात्र भाषेचा भाग कामाला लागतो. मी रोज शब्दांशीच झगडते. एका वाक्यात डोकं अडकलेलं असताना संदर्भाची फाइल उघडायची तर शोधासाठी आणखी शब्द आठवणं जड जातं. हात मात्र आपोआप तिसऱ्या फोल्डरकडे जातो. तो अभ्यास वाचल्यावर याचं कारण हेच असावं असं मला वाटलं.

मोठ्या कंपन्यांचा प्रवासही बोलका आहे. जीमेल २००४ मध्ये आलं ते फोल्डरऐवजी लेबलं घेऊन. एका पत्राला हवी तितकी लेबलं. पुढे त्यात लेबलाखाली लेबल ठेवायची सोय आली, कारण लोकांना उतरंड हवीच होती. गूगल ड्राइव्हमध्ये एक फाइल एकाच वेळी अनेक फोल्डरांत ठेवता यायची. २०२० मध्ये ते बंद करून एक फाइल एकाच जागी आणि बाकी ठिकाणी शॉर्टकट, अशी रचना केली. एकाच फाइलला अनेक जागा, ही कल्पना ऐकायला सोपी. पण फाइल पुसली तर ती सगळीकडून जाते का, एका फोल्डरची परवानगी दुसऱ्या फोल्डरमधून दिसणाऱ्या त्याच फाइलला लागू होते का, असे प्रश्न आले की सामान्य माणसाचा गोंधळ उडतो.

आता माझं काय चालतं ते सांगते. वर्ष आणि संस्था हे वरचे दोन थर काढून टाकले. सगळी कामं एकाच पातळीवर, एका कामाला एक फोल्डर, आणि त्याच्या नावातच सुरुवातीला वर्ष आणि महिना : '२०२४-०३ माहितीपत्रकं'. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवला की नावाप्रमाणे लावलेली यादी आपोआप काळाप्रमाणे लागते. महिना नेहमी दोन अंकी, नाहीतर १० हा २ च्या आधी येऊ शकतो. आत फार तर एक थर. खोली कमी झाल्याने वाट लांबत नाही आणि पत्त्याची मर्यादाही कधी आडवी येत नाही.

कागदाचा प्रकार मी फाइलच्या नावात घालते : 'करार', 'बिल', 'शब्दसूची'. आधी जे टॅगाला करायला लावत होते त्यातलं बरंचसं नावच करतं. नाव हे फाइलचं असं एकमेव लेबल आहे जे ईमेलमधून जातं, पेनड्राइव्हवर टिकतं, झिपमधून बाहेर येतं आणि कुठल्याही संगणकावर वाचता येतं. विंडोजवर मी 'एव्हरीथिंग' नावाचा छोटा प्रोग्राम वापरते. तो फाइलींची नावं टाइप करता करता गाळून दाखवतो. 'करार' टाइप केलं की सगळ्या कामांतले सगळे करार खाली येतात. आडव्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, आणि टॅग लावायची गरज पडली नाही. फाइलला नाव द्यावंच लागतं, त्यामुळे विसरण्याची शक्यताही कमी.

शब्दसूच्यांना मात्र स्वतंत्र फोल्डर दिलं, कारण त्या कुठल्याच एका कामाच्या नाहीत. माझं ढोबळ मत असं झालं आहे की फाइल दोन फोल्डरांत हवीशी वाटते, तेव्हा बऱ्याचदा ती त्या दोन्हींची नसते, तिसऱ्या कशाची तरी असते. दर वेळी हे लागू पडतं असं नाही, पण टॅग लावण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारून बघण्यासारखा आहे.

टॅग उरले ते मोजके, आणि सगळे तात्पुरत्या अवस्थेचे : 'पैसे बाकी', 'उत्तर यायचंय', 'हक्क तपास'. अवस्था बदलती असते. तिच्यासाठी फाइल इथून तिथे हलवत बसणं चूकच, आणि नावात लिहिली तर नाव सारखं बदलावं लागतं. काम झालं की टॅग काढायचा. असा टॅग हरवला तरी फार बिघडत नाही, कारण फाइल तिच्या जागी असतेच. टिकाऊ माहिती टॅगात ठेवायची नाही, एवढं पथ्य मी कटाक्षाने पाळते.

फोटोंची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी आहे, आणि तिथे मी टॅगांच्या बाजूने कुणाशीही वाद घालेन. फोटोचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं, आत शोधायला मजकूर नाही, आणि एका फोटोत चार माणसं, एक जागा, एक प्रसंग. तारखेचं फोल्डर ठेवावं, पण 'आजी असलेले सगळे फोटो' हे फोल्डरने कधीच मिळणार नाहीत. तिथे मी डिजीकॅम हा फोटो लावून ठेवायचा प्रोग्राम वापरते. टॅग फक्त त्याच्या डेटाबेसमध्ये न ठेवता फाइलमध्ये लिहायचा पर्याय त्यात आहे. तो पहिल्या दिवशीच चालू करून घ्या. मग माणसांची नावं जेपेगच्या आत, एक्सएमपी या ठरलेल्या साच्यात, फोटोबरोबरच राहतात. उद्या डिजीकॅम सोडलं तरी दुसरा प्रोग्राम ती वाचू शकतो. मात्र मेसेजिंग ॲपमधून फोटो पाठवला की ही माहिती बहुतेकदा गाळली जाते. म्हणून नातेवाइकांना द्यायचे फोटो मी मूळ फाइल म्हणूनच देते.

जिथे दुसरी माणसं तेच फोल्डर वापरतात तिथे टॅग अजिबात नाहीत. प्रकाशकाबरोबर सामायिक असलेल्या जागेत माझा 'तपासणीत' दुसऱ्याला दिसेलच असं नाही, आणि दिसला तरी त्याचा अर्थ तो मला अभिप्रेत आहे तसाच घेईल याची खात्री नाही. 'तपासणीत' नावाचं फोल्डर सगळ्यांना कळतं.

जुनी वर्षं मी परत लावली नाहीत. ती जशी होती तशी 'जुनं' या फोल्डरमध्ये आहेत, आणि नावावरून किंवा आतल्या मजकुरावरून शोधल्यावर जे हवं ते आजवर मिळत आलं आहे. उरले आहेत ते स्कॅन. ते निव्वळ चित्र असल्यामुळे आतल्या मजकुराचा शोध त्यांना लागत नाही. छापील पानांवर सध्या टेसरॅक्ट, म्हणजे चित्रातला मजकूर ओळखणारा प्रोग्राम, चालवते आहे. त्याला मराठी येतं, आणि स्वच्छ छापलेलं पान असेल तर शोधापुरता मजकूर निघतो. हाताने लिहिलेली पत्रं त्याला वाचता येत नाहीत. ती एकेक उघडायची, कुणी कुणाला कधी लिहिलं ते वाचायचं आणि तारीख, लिहिणारा, ज्याला लिहिलं तो, या क्रमाने फाइलच्या नावात घालायचं, असं ठरवलं आहे. तारीख नसलेल्या पत्रांना नुसतं वर्ष, आणि तेही अंदाजाचं असेल तर पुढे 'अंदाजे'.